साक्षीची काच

आई गेली त्याच्या बाराव्या दिवशी यंत्रानं पाणखोलला आजारी ठरवलं.

पाहुणे निघून गेले होते. सावंतवाडीच्या घरात, आईच्या स्वयंपाकघरात, मी उरलेले वडे डब्यात भरत होते. फोन वाजला आणि पडद्यावर ओळी आल्या. 'केंद्र ४१८, पाणखोल. प्राणी: देवगांडूळ. अपक्व रक्तपेशी एकवीस टक्के. धुरी पट्ट्याबाहेर. बाधित. वाफ-उपचार शनिवारी सकाळी.' असे संदेश मला नेहमी येतात. सह्याद्रीतली सगळी रक्तवाचक यंत्रं ज्या पट्ट्यावरून निकाल देतात त्याला माझं आडनाव आहे.

दहा मिनिटांत गुणाजी गवसांचा फोन आला. पाणखोलला त्यांची सुपारीची बाग आणि तिच्या खाली-वर भाताचे दोन कुणगे, म्हणजे लहान खाचरं, आहेत. मी लहानपणापासून त्यांना गुणाकाका म्हणते.

"बाये, जेवलंस?"

"जेवले, काका."

"तुज्या मशिनीन आमका आजारी ठरवल्यान गो. शनिवारी वाफ सोडतले म्हणतत, उभ्या भातात. तुजी आवस आसती तर तिका इचारलं असतंय. आता तुका इचारतंय. ह्या खरा काय?"

"बघते," मी म्हणाले.

बघण्यासारखं काही नव्हतं. ते खरं नाही हे मला पंधरा वर्षांपासून माहीत होतं.

देवगांडूळ हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. तो बेडकाचा पाय नसलेला नातलग. डोळ्यांवर कातडी, अंगभर वळ्या, सगळा जन्म ओल्या मातीत. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून आठवडेच्या आठवडे उपाशी बसते. लोक त्याला दुतोंड्या साप समजून ठेचतात. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आपल्यापेक्षा मोठ्या आणि लांबट असतात, आणि प्रत्येकीत केंद्रक असतं. पेशी नुकती जन्मलेली असेल तर ती गोल दिसते आणि रंगवल्यावर निळसर येते. पिकली की लांबट होते आणि गुलाबी दिसते.

२०३८ साली पेशीझीज नावाचा रोग आला. मातीतला एक सूक्ष्मजीव बेडूक, भेक, देवगांडूळ यांच्या तांबड्या पेशी फोडू लागला. पेशी कमी पडल्या की शरीर घाबरून कच्च्या पेशी रक्तात ओतू लागतं. दोन पावसाळ्यांत कित्येक ओढे मुके झाले. बेडूक गेले आणि भातावरची कीड, डास बेसुमार वाढले. उपाय एकच सापडला: रोग पसरायच्या आत तिथली माती वाफेनं हातभर खोल तापवायची. जंतू मरतो. मातीतलं बाकीचंही मरतं. पण शेजारचं खोरं वाचतं. मी स्वतः तीन खोरी वाचलेली पाहिली आहेत, त्यामुळे वाफेच्या गाड्यांना मी वाईट म्हणत नाही.

रोग लवकर कळावा म्हणून रक्तवाचक बसवले. मातीत पुरलेली वीतभर पन्हळ, तीत डासाच्या सोंडेहून बारीक सुई. प्राणी पन्हळीतून सरकला की रक्ताचा थेंब घ्यायचा, पेशी मोजायच्या, आकडा पाठवायचा. यंत्राला फक्त एक गोष्ट सांगावी लागते: निरोगी म्हणजे किती. ते मोजलेलं एकाच ठिकाणी होतं. माझ्या २०३१ च्या प्रबंधात. सहा ठिकाणचे चारशे बारा देवगांडूळ, अपक्व पेशी शेकडा दोन ते पाच. नऊच्या वर गेलं की बाधित. हाच धुरी पट्टा.

प्रबंधात सहा ठिकाणं आहेत. मोजली होती सात. आणि मोजली होती आईनं.

माझी आई, अंजना धुरी, सावंतवाडीतल्या एका खासगी लॅबमध्ये एकतीस वर्षं टेक्निशियन होती. मी शाळेत असताना बाबा गेले. त्यानंतर तिनं माणसांच्या रक्ताच्या काचा मोजून मला शिकवलं. ती सगळ्यांशी मालवणीत बोलायची, माझ्याशी मात्र शाळेतलं मराठी. पुण्याला गेल्यावर माझं अडू नये म्हणून. लॅबमध्ये तिची एक सवय होती: प्रत्येक थेंबाच्या दोन काचा करायची. "एक कामाची, एक साक्षीची," म्हणायची. कामाची काच डॉक्टरकडे जायची, साक्षीची तिच्या डब्यात. निकालावर कुणी शंका काढली की डबा उघडायचा.

सातवं ठिकाण पाणखोल. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, पायथ्याशी, पावसाचे चार महिने माती भिजल्या स्पंजासारखी. तिच्यात हवा जवळजवळ नसते. तिथल्या देवगांडुळांचं रक्त लवकर झिजतं, म्हणून ते सतत नवं रक्त बनवत राहतात. पाचातली एक पेशी कच्ची. आजार म्हणून नव्हे. तिथं जगायचं तर तसंच रक्त लागतं. आठ किलोमीटरवरच्या उतारावर तीच जात आणि रक्त निराळं. आता हे मी चार ओळींत सांगू शकते. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की सहा ठिकाणचे आकडे एका रांगेत बसतात आणि सातवं ती रांग मोडतं.

मार्च २०३१ मध्ये पुण्याला प्रबंधाची शेवटची छाननी होती. माझे मार्गदर्शक आणि दोन परीक्षक. काचा पार्सलनं पाठवल्या तर फुटतील म्हणून आई स्वतः घेऊन आली होती. लाकडी डबा मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसली होती. डब्याखाली चिवड्याची पिशवी.

थोरल्या परीक्षकांनी विचारलं, "हे सातवं ठिकाण एवढं निळं का?"

मी प्रबंधाची पानं उलटत राहिले.

"या काचा रंगवल्या कुणी?"

मी म्हणाले, "तिथल्या स्थानिक टेक्निशियननं. घरी. विहिरीच्या पाण्यात रंग कालवून. त्यामुळे त्या काचांवर विसंबता येणार नाही."

ते लगेच हसले. "मग बरोबर आहे. विहिरीचं पाणी म्हणजे क्षार आलेच. निळ्या मारणारच काचा. सोडून द्या ते ठिकाण."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळी देशावरची माणसं. त्यांच्या विहिरी क्षारांच्या, त्यांच्या घरच्या पातेल्यांच्या बुडाला पांढरा थर. तो थर मी पहिल्यांदा पुण्याच्या हॉस्टेलमध्ये पाहिला होता. आमच्या घरच्या पातेल्याला तो कधी बसला नाही. जांभ्यातलं पाणी मऊ आणि किंचित आंबट असतं, आणि आंबट पाण्यात काच लाल मारते. हे पाठ्यपुस्तकात आहे. आमच्या न्हाणीघरातही होतं; आई काचा तिथंच रंगवायची.

परीक्षक जाता जाता आईपाशी थांबले. आपुलकीनंच विचारलं, "या कोण?"

"टेक्निशियन आहेत," मी म्हणाले.

आईनं डबा सांभाळत नमस्कार केला.

परतीच्या एसटीनं कोल्हापूर गाठलं. मग आईनं चिवड्याची पिशवी सोडून माझ्यापुढे धरली. "घे. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

मी घेतला.

"विहिरीचं पाणी होतं ते खरं," ती म्हणाली. "एका काचेला."

मी तिच्याकडे पाहिलं.

"दुसरी बाटलीच्या पाण्यात. बॅटरीवाल्याकडून आणलं होतं, डिस्टिल्ड. जोडी आहे प्रत्येकाची. दोन्ही निळ्याच आल्या. आणि आपल्या पाण्यानं काच लाल मारते, मृणाली. तरी निळी आली म्हणजे किती निळं असेल बघ."

"आई, झालं ते झालं. सहा ठिकाणं पुरेत."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवीची गाठ बांधायला लागली. ती गाठ बांधायला तिला फार वेळ लागला.

प्रबंध छापायला जायला त्यानंतर सात आठवडे होते. एक पान वाढवता आलं असतं. मी आभाराच्या पानावर तिचं नाव घातलं, बाकीच्या नऊ जणांबरोबर. पुढे यंत्रं आली आणि पट्ट्याला नाव पडलं तेव्हा मी तिला फोनवर सांगितलं. ती हसली. "धुरी पट्टा? म्हणजे नाव तर माझंही लागलं गो." मीही हसले.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी तिचं कपाट उघडलं. लाकडी डबा साड्यांच्या खाली होता. पाणखोलच्या अडतीस जोड्या होत्याच. प्रत्येक काचेच्या कडेला हिऱ्याच्या लेखणीनं कोरलेलं: 'विहीर', 'बाटली'. पण डबा त्याहून जड होता. खालच्या कप्प्यात आणखी काचा होत्या, कागदात गुंडाळलेल्या, वर वर्ष लिहिलेलं. २०३१. २०३२. २०३३. दर पावसाळ्याला सहा जोड्या. शेवटचा कागद याच वर्षीचा, आषाढातला. त्यात एकच जोडी. रक्ताचा पापुद्रा एका बाजूला जाड, दुसरीकडे फाटलेला. तिच्या हातचा असा पापुद्रा मी कधी पाहिला नव्हता. आषाढात तिला जिना चढवत नव्हता.

लॅब बंद पडली तेव्हा तिनं तिथला जुना सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. तो पुसून मी मोजायला बसले. २०३१: वीस टक्के. २०३४: बावीस. २०३७, म्हणजे रोगाचं नावही नव्हतं तेव्हा: एकोणीस. २०४६: एकवीस. सोळा पावसाळे तोच आकडा, आणि देवगांडूळ जिवंत. आठवा तास लागला तेव्हा मान अवघडली. आई दिवसाला अशा साठ काचा मोजायची. मी तिला कधी विचारलं नव्हतं की मान दुखते का.

वाफपथकाचा प्रमुख यशोधन खोत माझा विद्यार्थी. कुडाळचा. मी फोन केला.

"मॅडम, आधी सांगतो, आईंचं कळलं. येता आलं नाही, माफ करा."

"यशोधन, पाणखोल आजारी नाही. तिथलं रक्तच तसं आहे. माझ्याकडे सोळा वर्षांच्या काचा आहेत."

त्यानं विचारलं, "कुणी काढल्या?"

"आहेत."

"मग पट्ट्यात दुरुस्ती टाका ना. नवा शोध म्हणून. फक्त समिती दोन पावसाळे पडताळणी मागते."

"शनिवारी वाफ आहे."

"हो. त्याच तासाला स्थगिती मिळायची तर एकच कलम आहे, पण ते तुमच्या उपयोगाचं नाही." तो हसला. "मूळ लेखकानं लिहून द्यायचं की हे माहीत असून मी वगळलं. असं कोण लिहून देईल? काम काढून घेतात, पट्ट्यावरचं नाव पुसतात. तुम्ही नवा शोध म्हणून तातडीनं टाका, मॅडम. तुमचं नाव बघून काढतील काही तरी वाट."

मी तातडीनं टाकलं. त्या अर्जात सगळं होतं: आकडे, छायाचित्रं, चिखलातल्या हवेचं गणित. चांगला अर्ज होता. 'अलीकडे हाती आलेल्या काचा' असं मी लिहिलं. शेवटच्या चौकटीत विचारलं होतं, नमुने कुणी गोळा केले. माझी बोटं थांबली, मग चालली. 'स्थानिक टेक्निशियन.'

ती दोन अक्षरं नव्हती की घाईत निसटली म्हणावं. पूर्ण टंकून, वाचून, मी पाठवली.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. अत्यंत आदरानं लिहिलं होतं. डॉ. धुरींच्या या महत्त्वाच्या निरीक्षणाची दोन पावसाळे पडताळणी करण्यात येईल. तोवर उपचार नियमाप्रमाणे होतील. त्या दुपारीही ते दुसरं कलम होतंच. मी आईच्या साड्या घडी घातल्या. नंतर उलगडून पुन्हा घातल्या.

शनिवारी सकाळी सात वाजता डबा आणि सूक्ष्मदर्शक गाडीत ठेवून पाणखोलला पोचले. ऊन स्वच्छ होतं. वरच्या कुणग्यात भात निसवलं होतं आणि त्यात दोन दोन हातांवर लोखंडी नळ्या रोवल्या होत्या. नळ्यांना भोकं, नळ्यांतून रबरी पाइप, पाइपांच्या टोकाला वाफेची गाडी. यशोधन गमबूट घालून बांधावर उभा होता. गुणाकाका विहिरीच्या कठड्यावर बसून त्याच्याशी बोलत होते. किंवा त्याला ऐकवत होते.

"सायबा, उकडो तांदूळ आमी भात कापल्यार करतो. तुमी उभ्या भाताचोच करूक इलात?"

"काका, भरपाई मिळणार आहे भाताची."

"भाताची मिळतली. माझ्या दुतोंड्यांची?"

मला पाहून ते उठले. "इलंस? बघ सायबा, आता इलीच ती. हिच्या आवशीन हय सोळा वर्षां रगत काढल्यान. हिका इचार."

मी तिथंच उभी राहिले. "आई इथं यायची?"

"दर पावसाळ्यात. सहा दुतोंडे काढी, सुई लावी, परत सोडी. तुका सांगू नको म्हणान सांगलेल्यान. तुज्या कामात लुडबूड नको म्हणा होती."

यशोधन माझ्याकडे बघत होता. त्याला आता कळलं होतं काचा कुणी काढल्या ते. बाकीचं त्याला माहीत नव्हतं.

"मॅडम, उत्तर आलं?"

"दोन पावसाळे."

"मग मला सुरू करावं लागेल." त्यानं घड्याळ पाहिलं. "थांबवण्यासारखं काही असेल तर आत्ता सांगा."

गुणाकाका माझ्याकडे बघत होते, शाळेच्या निकालाच्या दिवशी आई बघायची तसे. मला शंकाच नसावी असे. मी मान हलवली. नाही.

त्यानं हात वर केला. गाडी घुमू लागली. वरच्या कुणग्यातून आधी ओल्या मातीचा वास आला, तो चांगला होता. मग शिजल्याचा. घराघरांतून दुपारच्या आधी येतो तसा. भाताची ताटं उभ्याउभ्या मऊ पडू लागली. काका माझ्याकडे बघायचे थांबले, एवढंच.

मी विहिरीच्या कठड्यावर बसले आणि ते कलम उघडलं. लिहायला वीस मिनिटं लागली. त्यातली पहिली दहा एका वाक्यात गेली.

'माझ्या २०३१ च्या प्रबंधात पाणखोल हे सातवं ठिकाण होतं. ते मी वगळलं. काचा विहिरीच्या पाण्यात रंगवल्यामुळे निळ्या आल्या असं मी छाननीत सांगितलं. हे खोटं होतं. आमच्या विहिरीच्या पाण्यानं काच लाल होते, हे मला माहीत होतं. शिवाय प्रत्येक थेंबाची दुसरी काच शुद्ध पाण्यात रंगवलेली होती, आणि हे मला त्याच दिवशी परतीच्या एसटीत सांगण्यात आलं. सात आठवडे असूनही मी दुरुस्ती केली नाही. काल-परवाच्या अर्जात मी पुन्हा नमुने घेणारीचं नाव लपवलं. त्या अंजना रघुनाथ धुरी. माझी आई. सातही ठिकाणचे सर्व आकडे त्यांनी मोजलेले आहेत.'

पाठवलं. पंचवीस मिनिटं गाडी घुमत राहिली. मग यशोधनच्या मनगटावरचं यंत्र वाजलं. तो वाचत उभा राहिला. पहिल्यांदा वाचून झाल्यावर त्यानं पुन्हा वाचलं. हात खाली केला. गाडी थांबली. वरचा कुणगा संपला होता. बाग आणि खालचा कुणगा अजून बाकी होता.

तो माझ्याजवळ आला. "मी मुलांना तुमच्याच प्रबंधातनं शिकवतो," तो म्हणाला. "नमुना वगळायचा नसतो, ते प्रकरण." मग पथकाकडे वळून म्हणाला, "नळ्या काढा रे. सांभाळून." मॅडम तो म्हणाला नाही. पुढेही नाही.

माती निवेपर्यंत गुणाकाका बांधावर बसून राहिले. मग त्यांनी वरच्या कुणग्यात हातानं माती उकरली. चार मेलेले देवगांडूळ निघाले. चौथी मादी होती, वेटोळ्यात अंडी. वेटोळं सुटलं नव्हतं. काकांनी केळीच्या पानावर ते सगळं ठेवलं.

"काय लिवलंस तू?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पुणं, विहीर, एसटी, काल, परवा. सगळं. ते पानाकडे बघत ऐकत होते.

"काल लिवलं असतंस तर ह्यो कुणगो वाचलो असतो."

"हो."

"सकाळी मान हलवलंस तेव्हा लिवलं असतंस तरी."

"हो, काका."

त्यांनी समजूत घातली नाही. मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

स्थगिती पक्की व्हायला पथकाला खालच्या कुणग्यातला एक ताजा नमुना हातानं तपासून हवा होता. यशोधननं पथकातल्या एका मुलीला सांगितलं. "मी काढू का?" मी विचारलं. अधिकार आता माझा नव्हता. त्यानं खांदे उडवले. "काढा. सही तिची राहील."

काकांनी सुपारीच्या झावळ्यांचा ढीग बाजूला केला आणि ओल्या मातीत हात घातला. बोटभर जाडीचा, काळसर, कडेला पिवळी रेघ असलेला देवगांडूळ त्यांच्या ओंजळीत वळवळला. त्यांनी तो असा धरला की त्याला सुटताही येईना आणि दुखेनाही. हे त्यांना कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती. मी शेपटाकडून एक थेंब घेतला. त्याला परत मातीत सोडला. तो क्षणात दिसेनासा झाला.

थेंब दोन काचांवर ओढला. पंधरा वर्षांत मी हातानं पापुद्रा ओढला नव्हता. पहिला जाड आला. दुसरा बरा. एक काच पथकाच्या बाटलीतल्या पाण्यात रंगवली, आणि काकांना म्हटलं, विहिरीचं थोडं पाणी काढा.

त्यांनी कळशी सोडली. पाणी ओतताना विचारलं, "दोन कशाक ता तुका म्हायत आसा?"

"एक कामाची, एक साक्षीची. आई म्हणायची."

"लॅबात म्हणा होती आसात. हय तसा नाय." ते कळशी तिरकी धरून हळूहळू धार सोडत होते, काचेवर जोर येऊ नये अशी. "हय म्हणा होती, एक माझी, एक माझ्या चेडवाची. इचारतली ती कधीतरी."

रंग धुऊन गेला. दोन्ही काचा मी उन्हात धरल्या. सरावलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यानंही कळतं. बाटलीतली निळी होती. विहिरीतली कडेला किंचित लालसर, आणि मधे निळी.

पथकातल्या मुलीनं बाटलीतली काच नेली. विहिरीतली माझ्याच हातात राहिली. ती मी किती घट्ट धरली होती ते मला कळलं नाही. काकांनी माझं मनगट धरून हात उघडला, काच काढून घेतली, आणि अंगठा नि तर्जनीत दोन्ही कडांवर तोलून परत माझ्यापुढे धरली.

"कडेन धर, बाये," ते म्हणाले. "बोटां लागतत."